फुल फंडिंग आणि धाकट्या मॅडम

३ ऑक्टोबर, सकाळी

निर्णय झाला. पुढच्या सप्टेंबरात मी ब्रिटनमध्ये. पीएच.डी. करायला, तेही फुल फंडिंगवर. म्हणजे फी त्यांची, शिवाय राहण्या-खाण्याला दरमहा पैसे त्यांचेच. पदरचे पैसे घालून जातात ते विद्यार्थी. ज्यांना पैसे देऊन बोलावतात ते विद्वान. मी दुसऱ्या गटात मोडतो, हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही, इतकंच.

काल चहाच्या वेळी धाकट्या मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की त्यासुद्धा ब्रिटनमध्ये फंडिंग शोधतायत. त्याचा माझ्या निर्णयाशी काही संबंध नाही. माझा निर्णय फार जुना आहे. लिहिला आज.

धाकट्या मॅडम म्हणायचं कारण, आमच्या विभागात त्या सगळ्यांत शेवटी लागल्या. आम्ही इंजिनिअरिंग कॉलेजातले सिव्हिलवाले. काँक्रीटचे ठोकळे बनवायचे, पाण्याच्या टाकीत मुरवायचे, मग यंत्रात घालून दाबून फोडायचे आणि कितीला फुटला ते लिहून ठेवायचं. मी हे नऊ वर्षं करतोय. त्या जेमतेम तीन. आणि तरी साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, त्यांना ‘बेटा’ म्हणतात. मला ‘अरे’.

४ ऑक्टोबर

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून एक तास फंडिंगचा शोध.

५ ऑक्टोबर

पाचला उठलो नाही. तिकडे त्या वेळी सगळे झोपलेले असतात, उठून करायचं काय? यापुढे त्यांच्या वेळेप्रमाणे उठणार.

१५ ऑक्टोबर, रविवार

पद्धत समजली. तिकडे आधी प्राध्यापक गाठावा लागतो. त्याच्या मनात भरलो की पुढचं सगळं. म्हणून असा मेल लिहिला की दगडाला पाझर फुटावा. ‘आदरणीय सर, विद्यार्थिदशेपासून मी आपल्याच संशोधनावर पोसलो आहे.’ धाकट्या मॅडम म्हणे एकेका प्राध्यापकाचे पेपर आठवडाभर वाचतात आणि मग त्याला चार ओळींचा मेल करतात. मला इतका रिकामा वेळ नाही. मी एका फटक्यात सगळ्यांना पाठवला. सगळ्यांचे पत्ते वर एकाखाली एक. त्यांनाही कळू दे, आपल्याला मागणी किती ठिकाणी आहे.

तोच दिवस, लगेच

उत्तर आलं! रविवार असूनही! मी सध्या रजेवर आहे, परत आल्यावर मेल बघेन, असं म्हणतायत. रजेवर असताना उत्तर दिलं. याला म्हणतात गुणांची पारख. हे लिहीपर्यंत आणखी काहींचं आलं. सगळे रजेवर, आणि सगळ्यांना माझी दखल घ्यावीशी वाटली.

बायकोला सांगितलं. ती बँकेत अधिकारी आहे. चांगल्या बातमीकडेही खोट्या नोटेकडे बघावं तशी बघते. म्हणाली, अरे, ती उत्तरं मशीन पाठवतं. मी म्हटलं, मग मशीनला माझ्याबद्दल सांगितलं कुणी? ती उठून कुकर लावायला गेली. पटलं असणार.

१९ ऑक्टोबर

एका बाईंचं उत्तर. मी सर नाही, आणि माझा विषय काँक्रीट नसून जुनं चर्चसंगीत आहे, तरी तुमच्या शोधाला शुभेच्छा. शुभेच्छा आल्या हे महत्त्वाचं.

एका प्राध्यापकाने सगळ्यांना उत्तर पाठवलं की कृपया सगळ्यांना उत्तर पाठवू नका. मग तिघा-चौघांनी सगळ्यांना उत्तर पाठवून त्याला पाठिंबा दिला. दोघांनी एकमेकांची खुशाली विचारली. माझ्यामुळे तिकडची माणसं एकमेकांशी बोलायला लागली, याची नोंद कुणी घेणार नाही.

२ नोव्हेंबर

धाकट्या मॅडमना उत्तर आलं. मशीनचं नाही, माणसाचं. दोन परिच्छेद. वर एक प्रश्नही विचारलाय. मी सहज त्यांच्या खुर्चीमागून जात होतो, तेव्हा दिसलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा नीट वाचता आलं.

त्यांच्या इंग्रजीत काही दम नाही. साधी साधी वाक्यं. ‘मला हे माहीत नाही, पण शोधायला आवडेल.’ असं कुणी लिहितं? नोकरी मागायला जाऊन मला काम येत नाही म्हणण्यासारखं आहे. आणि त्याला तो प्राध्यापक ‘व्हेरी गुड’ म्हणतो. नवे बूटही घेतलेत त्यांनी. उंच टाचांचे. साहेबांच्या केबिनमध्ये जाताना टक टक वाजतात.

मला जळफळाट वगैरे होत नाही. फक्त ॲसिडिटी आहे.

१० नोव्हेंबर

आता प्राध्यापकांचा नाद सोडला. मोठ्या स्कॉलरशिपकडे वळलो. तिथे एकच अट, तुम्ही नेता असायला हवं. ‘आपण नेतृत्व केल्याचा प्रसंग पाचशे शब्दांत लिहा.’ सबंध दुपार आठवत बसलो. प्रसंग इतके की निवड करणं अवघड. शेवटी लिफ्ट बंद पडली होती तो घेतला. आत आम्ही सहा जण. घबराट. सगळ्यांत आधी घंटा दाबली ती मी.

बायको तेव्हा लिफ्टमध्ये होती. म्हणाली, घंटा मी दाबली. तू सगळ्यांत आधी ओरडलास. मी म्हटलं, आवाज उठवणं हेसुद्धा नेतृत्वच असतं. तिने विचारलं, पाचशे शब्द भरतील का? शंभरात आटोपलं. बाकीचं मग बघू.

२३ नोव्हेंबर

धाकट्या मॅडमनी मला एक जाहिरात पाठवली. स्वतःहून! ब्रिटनमधलं एक विद्यापीठ (नाव लिहीत नाही, दृष्ट लागायची). विषय: ज्यातल्या भेगा आपोआप बुजतात असं काँक्रीट. जागा एक. फी माफ, शिवाय दरमहा वेतन. परदेशी उमेदवार चालतील. शेवटची तारीख जानेवारीत. खाली लिहिलंय, ‘सर, मी अर्ज करतेय, तुम्हीही बघा, तुमच्याच विषयातलं आहे.’

एकाच जागेची जाहिरात कुणी प्रतिस्पर्ध्याला पाठवतं का? बराच विचार केला. दोनच शक्यता. एक, जाहिरातीत काहीतरी गोम आहे. दोन, मी त्यांना प्रतिस्पर्धीच वाटत नाही.

पहिलीच असणार. तरी अर्ज करणार. आभार मानले नाहीत, उगाच सावध व्हायच्या.

५ डिसेंबर

बायकोला बँकेतून बढतीचं पत्र. शाखाप्रमुख, पण दुसऱ्या गावी. गेल्या वर्षीही आलं होतं, तेव्हा मी म्हटलं होतं की आता जायचंच आहे ब्रिटनला, नव्या गावी बस्तान कशाला बसवायचं. तिने नाही कळवलं. या वर्षीही नाही म्हटलं तर पुन्हा विचारत नाहीत म्हणे. फेब्रुवारीअखेर उत्तर द्यायचंय.

मी म्हटलं, खुशाल नाही कळव. फेब्रुवारीच्या आत माझं होऊन जाईल. तिने विचारलं, काय होऊन जाईल? मी म्हटलं, फंडिंग. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं.

बायको मला एरवी अरे-तुरे करते. अहो-जाहो सुरू झालं की प्रकरण गंभीर समजावं.

१२ डिसेंबर

शिफारसपत्र लागतं. साहेबांचं. आमच्याकडची रीत साधी आहे, साहेबांकडे गेलं की ते म्हणतात, लिहून आण, सही करतो. स्वतःची शिफारस स्वतः लिहायची, विभागाच्या छापील कागदावर, वरती ‘मी यांना ओळखतो’ म्हणायचं आणि खाली साहेबांनी सही ठोकायची. साहेबांना वाचायची सवय नाही. पुढे विद्यापीठाची लिंक त्यांच्या मेलवर येते, तीही मीच उघडून पत्र चढवतो. साहेबांचा पासवर्ड त्यांच्यापेक्षा मला चांगला पाठ आहे.

१७ डिसेंबर, रविवार

माझं पत्र झालं. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. असामान्य. असाधारण. अद्वितीय. माझ्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत (साहेबांच्या) असा विद्वान पाहिला नाही. जन्मजात संशोधक. निष्कलंक चारित्र्य. सुसंस्कृत घराणं. ‘यांना नाकारणं म्हणजे विज्ञानाचं नुकसान’, हे वाक्य शेवटी टाकलं.

बायकोला स्पेलिंग तपासायला दिलं. वाचून म्हणाली, कोण रे हा माणूस? लग्नाआधी का नाही भेटला मला?

१८ डिसेंबर

अपमान. साहेबांनी बोलावून सांगितलं, अरे, धाकट्या मॅडमचंही पत्र तूच लिहून टाक. त्यांना म्हटलं होतं लिहून आणा, तर म्हणतात, स्वतःचं कौतुक स्वतः कसं करू सर, तुम्हीच लिहा. आता माझं इंग्रजी तुला माहीत आहे. तुझं बरं आहे. तिला सांगू नकोस म्हणजे झालं, बिचारीला वाईट वाटेल.

बिचारी! माझ्याच जागेला अर्ज करणाऱ्या बाईची शिफारस मी लिहायची! साहेबांना जागा एकच आहे हेही ठाऊक नाही. आणि बाईसाहेबांना कौतुक करवत नाही स्वतःचं. हा विनय नव्हे, हा माज आहे.

आधी नकार द्यावा असं वाटलं. मग सुचलं. लिहितो ना. आनंदाने लिहितो.

२४ डिसेंबर, रविवार

काही झालं तरी मी नीच माणूस नाही. एक शब्द खोटा लिहिणार नाही, हे आधी ठरवून बसलो. फक्त खरं लिहायचं. विशेषण एकही नाही. माझ्या पत्रात जी आहेत ती सगळी यांच्या पत्रात गाळायची, आणि तीन वर्षांत यांनी जे जे उद्योग केले ते जसेच्या तसे द्यायचे. आमच्या शेजारी शेजारी बसायच्या जागा. मला सगळं दिसतं. सगळं लक्षात राहतं. एकदा बसलो तो उठलोच नाही, चहा गार झाला.

इंग्रजीत लिहिलं. सार असं:

वाळूऐवजी काचेची भुकटी घालून काँक्रीट करण्याचा यांचा प्रयोग. पहिली सबंध खेप फुकट गेली. ठोकळे घट्ट होईचनात, साच्यातून काढले की ढेकळासारखे फुटायचे. दुसरा कुणी असता तर गुपचूप फेकून दिले असते. यांनी ते आठवडेच्या आठवडे टेबलावर मांडून ठेवले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. शेवटी सापडलं की काच सरबताच्या बाटल्यांची होती आणि बाटल्या धुतल्या नव्हत्या. साखर राहिली की सिमेंट धरत नाही. हे यांनी लपवलं नाही. अहवालात ‘माझी चूक’ असा वेगळा भाग लिहिला आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर ‘बाटल्या धुवा’ अशी पाटी लावली. अजून आहे.

दुसरं. ठोकळे फोडायचं यंत्र जास्त आकडा दाखवतंय, असं यांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं. पाहुणे बसले होते. तपासलं तर खरं निघालं, आणि विभागाचे दोन वर्षांचे निकाल पुन्हा काढावे लागले. विभागाच्या अब्रूची यांना पर्वा नाही.

तिसरं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या आलेखाबद्दल या सगळ्यांसमोर म्हणाल्या की सर, तुमचे ठिपके रेघेवर फारच शहाण्यासारखे बसलेत, आधी रेघ मारली होती का? (ज्येष्ठ सहकारी कोण ते लिहिलं नाही. आलेख चांगला होता.)

चौथं. उत्तर येत नसलं की येत नाही म्हणतात. विद्यार्थ्यांसमोरसुद्धा. मग दुसऱ्या दिवशी शोधून आणतात आणि पुन्हा सगळा वर्ग बसवून सांगतात. यात वेळ जातो.

शेवटचं वाक्य: ‘यांच्याशेजारी बसून काम करणं सुखाचं नाही.’ नऊ वर्षांत इतकं मनापासून मी काही लिहिलं नव्हतं.

स्पेलिंगसाठी बायकोला दिलं. उभ्याने वाचायला लागली आणि मध्येच खुर्ची ओढून बसली. वाचून म्हणाली, या बाईंना एकदा घरी बोलाव ना, ओळख करून घ्यायचीय. बँकेतल्या माणसांना संशोधनातलं काही कळत नाही.

२७ डिसेंबर

साहेबांनी दोन्ही पत्रांवर सह्या केल्या. वाचलं एकही नाही. माझ्या पत्रावर सही करताना फोनवर होते. मॅडमच्या पत्रावर करताना म्हणाले, बेटाचं नीट लिहिलंस ना? मी म्हटलं, सर, अगदी जसं आहे तसं.

१४ जानेवारी

अर्ज गेला. त्यात ‘हाच प्रकल्प का?’ असा एक रकाना होता. लिहिलं, कारण मला काँक्रीटबद्दल नितांत आदर आहे.

मोठ्या स्कॉलरशिपचं लिफ्टवालं राहिलं. त्यांची तारीख नोव्हेंबरातच होती म्हणे. तारखा नीट दाखवत नाहीत ही लोकं.

८ फेब्रुवारी

धाकट्या मॅडमना इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. व्हिडिओवर. साऱ्या विभागात आनंदीआनंद. साहेब केबिनबाहेर येऊन म्हणाले, शाब्बास बेटा. मला अजून काही नाही. आडनावाप्रमाणे बोलावत असणार. माझं पुढे आहे.

मुद्दाम बोलावलं असेल. पत्र वाचून जाब विचारायला.

१५ फेब्रुवारी

हो, तसंच झालं! इंटरव्ह्यू साहेबांच्या केबिनमध्ये, तिथलं इंटरनेट बरं चालतं म्हणून. साहेबांनी मला दाराशी उभं केलं, कुणी गडबड करू नये यासाठी. माझे कान तसे तिखट आहेत. दार बंद असूनही बरंच कळलं.

पहिलाच प्रश्न बाटल्यांचा! कुणी बाई होत्या. म्हणाल्या, तुमचे सर लिहितात की तुमची पहिली खेप फुकट गेली, काय झालं होतं? मला बाहेर गुदगुल्या झाल्या. धाकट्या मॅडम चक्क हसल्या आणि सरबतापासून सगळं सांगत सुटल्या. तिकडचेही हसले. मग यंत्राचं विचारलं. मग रेघ आणि ठिपक्यांचं. प्रत्येक वेळी हशा. ठरलेल्या वेळेपेक्षा कितीतरी लांबलं. चांगली झाडाझडती घेतली म्हणायची.

बाहेर आल्या त्या घामाघूम. म्हणाल्या, सर, त्यांना सगळंच माहीत होतं हो! मी म्हटलं, असतात बाबा अशी माणसं. आज जेवण गोड लागलं.

१९ फेब्रुवारी

मला नकार. ‘अर्जांची संख्या मोठी असल्याने व्यक्तिशः अभिप्राय देता येत नाही.’ म्हणजे अभिप्राय होता. देता आला नाही.

बायकोला सध्या सांगत नाही. तिची तारीख दहा दिवसांवर आलीय, उगाच मन विचलित व्हायचं. तिने विचारलं, काही कळलं का? मी म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे. हे खोटं नाही. प्रक्रिया सुरूच आहे, माझ्याशिवाय.

२६ फेब्रुवारी

मी समोर आलो की बायको पाण्याचा घोट तोंडात धरून बसते. बढतीला नाही म्हणायचं पत्र तिने लिहूनही ठेवलं असेल. गेल्या वर्षी ते लिहिताना एक शब्द बोलली नव्हती, नंतर मात्र स्वयंपाकघराचं दार बंद करून बराच वेळ भांडी घासत होती, भांडी स्वच्छ असताना.

बेचैन वाटतं. ॲसिडिटी.

२९ फेब्रुवारी, सकाळी

ठरवलं. त्याग करायचा. ब्रिटन काय, पुढेही मिळेल. तिचं पुन्हा येणार नाही. बायकोला समोर बसवून म्हटलं, हे बघ, तुझ्यासाठी मी ब्रिटन सोडतोय. तू बढती घे. माझ्या स्वप्नाचा विचार करू नकोस. आवाज थोडा कापरा केला, आणि मग आपोआपच कापायला लागला.

ती म्हणाली, होकार मी सोमवारीच कळवला. नकाराचा मेल आला त्याच दिवशी वाचला होता मी, तू लॅपटॉप उघडा टाकून अंघोळीला गेलास तेव्हा. तू स्वतः कधी सांगतोस त्याची वाट बघत होते.

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, प्रक्रिया सुरू होती.

चहा मात्र तिनेच केला. माझ्या कपात साखर जास्त घातली. रागावली असती तर घातली नसती.

११ मार्च

धाकट्या मॅडमना मिळालं. फुल फंडिंग. केक आणला होता. मला कोपऱ्यातला तुकडा आला, त्यावर क्रीम जास्त असतं, सगळ्यांनी मला तो का दिला कळलं नाही. चेहरा पडला होता की काय? नसावा. मी सबंध वेळ हसत होतो. गाल अजून दुखतायत.

वाईट पुढेच आहे. त्यांनी तिकडच्या प्राध्यापकाचा मेल वाचून दाखवला. तो लिहितो: ‘आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पत्रात उमेदवार असामान्य आणि अद्वितीय असतो. वाचून वाचून आम्हाला एकही माणूस दिसेनासा होतो. तुमच्या सरांच्या पत्रात पहिल्यांदाच एक माणूस काम करताना दिसला. चूक टेबलावर मांडून ठेवणारी व्यक्ती आम्हाला हवीच होती. आम्ही तुम्हाला भेटण्याआधीच बरंचसं ठरवलं होतं.’

सगळ्यांनी साहेबांसाठी टाळ्या वाजवल्या. साहेब खाली मान घालून म्हणाले, जे दिसलं ते लिहिलं. मग मला केबिनमध्ये ओढून कुजबुजले, अरे, लिहिलं होतंस काय तू?

१३ मार्च

शांतपणे विचार केल्यावर लक्षात येतं की मी ते पत्र मुद्दामच तसं लिहिलं होतं. ब्रिटनमधल्या लोकांना विशेषणं चालत नाहीत, हे मला आतून जाणवत होतं. (२४ डिसेंबरची नोंद घाईत लिहिलेली आहे. ती धरू नये.)

बायकोला हे सांगितलं. म्हणाली, हो रे बाबा.

धाकट्या मॅडम संध्याकाळी, सगळे गेल्यावर माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, सर, साहेब त्या वर्षी प्रयोगशाळेत एकदाही फिरकले नव्हते. ढेकळं टेबलावर किती दिवस होती, ते त्यांना कुठून माहीत? माझ्या कामावर इतकं बारीक लक्ष एकाच माणसाचं होतं. थँक्यू सर. घरीसुद्धा माझं काम इतकं कुणी बघितलं नाही.

मी म्हटलं, अहो, कर्तव्यच आहे आमचं. त्या जाताना म्हणाल्या, ‘सुखाचं नाही’ हे वाक्य फार आवडलं हं तिकडच्यांना. बूट वाजवत गेल्या.

त्यांचा राग यायला हवा होता. नीट येईना. सवय आहे तीन वर्षांची, येईल.

२ एप्रिल

साहेबांच्या पत्राची कीर्ती पसरली. मेकॅनिकलचे दोघे आणि इलेक्ट्रिकलच्या एक बाई साहेबांकडे शिफारस मागून गेल्या. साहेब म्हणाले, देतो. आणि तिन्ही नावं माझ्या टेबलावर. मी त्यांना ओळखत नाही म्हटलं, तर म्हणाले, ओळख करून घे. तिघांच्या प्रयोगशाळांत जाऊन बसलो. काही दिसेना. त्या लोकांचा मला हेवाच वाटत नाही, त्याला मी काय करणार? तिघांनाही असामान्य लिहून दिलं.

१२ मे, रविवार, दुपारी

पुढच्या महिन्यात नव्या गावी. बायको शाखाप्रमुख. तिकडे एक कॉलेज आहे, सिव्हिलला जागा आहे. अर्ज करतोय. ब्रिटनचं तिथूनही बघता येईल.

शिफारसपत्र लागतंच. साहेब म्हणाले, धाकट्या मॅडमचं लिहिलंस तसं लिही. विशेषणं नकोत, प्रसंग घाल. तू काय काय केलंस ते जसंच्या तसं. मी डोळे मिटून सही करतो.

सकाळीच बसलो. पहिलं वाक्य झालं. ‘मी यांना नऊ वर्षं ओळखतो.’ मग प्रसंग. चहा घेतला. प्रसंग. धाकट्या मॅडमचे भराभर आठवतात, त्यांचे अजून चार तरी लिहिता येतील. मी तेव्हा शेजारीच होतो. मी काय करत होतो? त्यांच्याकडे बघत होतो.

जेवण झालं. पुन्हा बसलो. बायको भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. तिला विचारलं, माझं एखादं काम आठवतं का गं तुला? खरोखर केलेलं. कुणाच्या उपयोगी पडलेलं. मला वाटलं टोमणा मारेल. मारला नाही. ताटली हातात धरून खरंच आठवत बसली. बराच वेळ.

मग म्हणाली, ते धाकट्या मॅडमचं पत्र. ते घाल. फार चांगलं लिहिलं होतंस तू ते.

घालता येत नाही. खाली सही साहेबांची आहे.